सोने जळत नाही, मग घट कुठे जाते?

देवरूखच्या बाजारपेठेत लग्नसराई जवळ आली की सराफी पेढीवर एक प्रसंग हमखास घडतो. आसपासच्या एखाद्या वाडीतून आलेली आई जुन्या बटव्यातून दोन पाटल्या काढते. पाटल्या सासूबाईंच्या असतात आणि लेकीच्या लग्नासाठी त्या मोडून नव्या घडणीचे काही करावे, असे घरात ठरलेले असते. काट्यावर पाटल्या चाळीस ग्रॅम भरतात. आटणी होते, कस पाहिला जातो आणि सराफ सांगतात, "काकी, बावीस कॅरटच्या हिशेबाने हे सदतीस ग्रॅम आणि वर थोडे धरावे लागेल." काकी मान डोलावतात, परंतु परतीच्या एसटीत मनात एकच प्रश्न घोळत राहतो, की सोने तर आगीत जळत नाही म्हणतात, मग दोन ग्रॅम गेले कुठे?

हा प्रश्न केवळ दोन ग्रॅमच्या किमतीचा नाही. त्याचे उत्तर ठाऊक नसेल तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या पेढीवर विनाकारण संशय बसतो. आणि उत्तर ठाऊक नसल्याचा फायदा घेणारा भेटला तर खरोखरच नुकसान होते. दोन्ही टाळण्याचा मार्ग एकच आहे. सोने आणि चांदी या धातूंचा स्वभाव, त्यांतील भेसळ ओळखण्याच्या रीती आणि त्यांना पुन्हा शुद्ध स्वरूपात मिळवण्याची विद्या यांची तोंडओळख प्रत्येक कुटुंबाला असावी.

दोन धातू, दोन स्वभाव

सोने, चांदी आणि तांबे हे तीन धातू मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत एकाच उभ्या रांगेत बसतात. तिघेही मऊ, तिघेही विजेचे उत्तम वाहक आणि तिघेही नाण्यांसाठी शतकानुशतके वापरले गेलेले. तथापि स्वभावात फरक आहे. तांबे हवेत काळवंडते व हिरवटते, चांदी गंधकाच्या संपर्काने काळी पडते आणि सोन्यावर हवा, पाणी वा साधे आम्ल यांपैकी कशाचाच परिणाम होत नाही. समुद्रात बुडालेल्या जहाजातून शेकडो वर्षांनी वर काढलेले सोन्याचे नाणे कालच पाडल्यासारखे पिवळेधमक असते, याचे कारण हेच.

सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, तर चांदीची सुमारे साडेदहा पट. म्हणूनच त्याच आकाराचे सोन्याचे वळे हातात चांदीच्या वळ्याच्या जवळजवळ दुप्पट जड लागते. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, चांदी ९६२ अंशांना. एका ग्रॅम सोन्याची दोन किलोमीटरहून लांब तार काढता येते आणि ठोकून इतका पातळ पत्रा होतो की त्यातून पलीकडचा उजेड हिरवट दिसतो. चांदीही ठोकली असता अशीच पसरते. मिठाईवरचा आणि आंगीसाठीचा वर्ख तिच्या याच गुणामुळे शक्य होतो. पारंपरिक पद्धतीत तो प्राण्यांच्या चामड्याच्या पदरांत ठोकला जात असे. त्यामुळे तो वर्ज्य मानून यंत्रावर, कागदी पदरांत तयार झालेल्या वर्खाचाच आग्रह अनेक जैन कुटुंबे धरतात, हे सर्वश्रुत आहे.

सोने इतके मऊ असते, यातच घटीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. निव्वळ शुद्ध सोन्याची बांगडी रोजच्या वापरात वाकते, झिजते. तिला टणकपणा यावा म्हणून तांबे व चांदी मिसळावी लागते. बावीस कॅरट म्हणजे चोवीस भागांत बावीस भाग सोने. हजारात सांगायचे तर ९१६ भाग. अठरा कॅरट म्हणजे ७५० आणि चौदा कॅरट म्हणजे ५८५ भाग. दागिन्यावर दिसणारे आकडे हेच होत.

चाळीस ग्रॅमचे गणित

आता काकींच्या पाटल्या मुशीत घालू. वजन ४०.००० ग्रॅम. आटणी झाल्यावर लगड भरली ३९.६०० ग्रॅम. हा ४०० मिलिग्रॅमचा फरक म्हणजे नक्षीत साठलेला मळ, तेल, साबण, क्वचित आत राहिलेली लाख आणि भट्टीत जळलेले हलके धातू. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि कॅडमियम ७६७ अंशांना. म्हणजे सोने वितळण्याच्या आधीच हे दोन्ही धातू वाफ होऊन निघून जातात. तांब्याचा काही अंश भस्म होऊन टाकणखाराच्या काचेसारख्या मळीत जातो. सोने मात्र मुशीतच राहते.

पुढे लगडीचा कस पाहिला. तो हजारात ८७५, म्हणजे एकवीस कॅरट निघाला. शुद्ध सोने झाले ३९.६०० गुणिले ०.८७५, म्हणजे ३४.६५० ग्रॅम. तेवढ्या शुद्ध सोन्यापासून बावीस कॅरटचा माल ३७.८३ ग्रॅम होतो. काकींना सांगितलेला आकडा हाच. उरलेले २.१७ ग्रॅम आगीत गेले नाहीत. त्यांतील बहुतांश तर पाटल्यांत सोने म्हणून कधी नव्हतेच. काही दशकांपूर्वी सोनाराने जोड देताना वापरलेला डाख, ठरल्यापेक्षा थोडे अधिक पडलेले तांबे आणि नंतरच्या दुरुस्त्यांची भर या सर्वांचे वजन सोन्याच्या नावावर इतकी वर्षे घरात नांदत होते. आगीने नवे काही हिरावले नाही, जुना हिशेब उघड केला.

जुन्या कागदपत्रांशी ताडून पाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आजच्या बोलण्यात तोळा म्हणजे दहा ग्रॅम. परंतु आजोबांच्या यादीतील तोळा ११.६६४ ग्रॅमचा. एका तोळ्याचे बारा मासे आणि एका माशाच्या आठ गुंजा, म्हणजे तोळ्याला शहाण्णव गुंजा. वाटणीपत्रातील 'पाच तोळे' आजच्या पन्नास ग्रॅमशी जुळत नाहीत म्हणून भावाभावांत वाद होण्यापूर्वी एवढा गुणाकार करून पाहावा.

कस पाहण्याच्या रीती

सर्वांत जुनी रीत कसोटीची. काळ्या, गुळगुळीत दगडावर दागिना घासून सोन्याची रेघ ओढायची, शेजारी ज्ञात कसाच्या सोन्याची रेघ ओढायची आणि दोन्हींवर आम्लाचा थेंब सोडून रंग कसा उतरतो ते पाहायचे. अनुभवी डोळ्याला यातून बराच अचूक अंदाज येतो. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त सुवर्णाध्यक्षाच्या कामात कसोटीचा आणि तिच्यावर होणाऱ्या लबाड्यांचाही विचार आहे. मात्र कसोटीला फक्त वरचा थर दिसतो. तीच मर्यादा आजच्या क्ष-किरण यंत्राचीही आहे. दागिना न तोडता ते काही सेकंदांत आकडा देते, पण किरण पोचतात ते पृष्ठभागाच्या अतिशय पातळ थरापर्यंतच. जाड मुलामा दिलेली वस्तू त्याला फसवू शकते.

पाण्यात तोलून घनता काढण्याची आर्किमिडीजची युक्ती आतपर्यंतचे सांगते. परंतु टंगस्टन धातूची घनता सोन्याच्या घनतेच्या अगदी जवळ, १९.२५ आहे. सोन्याच्या कवचात टंगस्टन भरलेली लगड या परीक्षेतही उत्तीर्ण होते. म्हणून सुज्ञ परीक्षक एका परीक्षेवर विसंबत नाही. सोने तारण ठेवून कर्ज देणारी बँकही खड्यांचे, लाखेचे व दोऱ्याचे वजन वगळून निव्वळ वजन व कस पाहते. घडणावळीला तारण म्हणून मोल नसते, हे कर्जदाराच्या सहसा तेव्हाच लक्षात येते.

अंतिम निवाडा अग्निपरीक्षेचा. सोन्याचा सुमारे पाव ग्रॅमचा नमुना काट्यावर अचूक तोलतात, त्यात चांदी मिसळून शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि सच्छिद्र वाटीत ठेवून भट्टीत तापवतात. शिसे वितळून भस्म होते, तांब्यासारखे हलके धातू सोबत घेते आणि वाटीत मुरून जाते. मागे उरतो सोने-चांदीचा चकचकीत मणी. तो ठोकून, लाटून नायट्रिक आम्लात उकळला की चांदी विरघळते आणि निव्वळ सोने शिल्लक राहते. ते पुन्हा तोलले की कस कळतो. ही वाटी पूर्वी हाडांच्या राखेची करीत. आता मॅग्नेशियाच्या वाट्या मोठ्या प्रमाणात वापरल्या जातात, ही बाब अहिंसेचा विचार करणाऱ्या वाचकांना समाधान देणारी आहे.

टांकसाळीतील जैन पंडित

ही विद्या युरोपातून आली, असा समज असल्यास तो दूर करणारा एक ग्रंथ जैन परंपरेतच आहे. दिल्लीच्या सुलतानांच्या सेवेत असलेले श्रीमाळ जैन ठक्कुर फेरू यांनी १३१८ साली 'द्रव्यपरीक्षा' हा ग्रंथ लिहिला. टांकसाळीतील प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेल्या या ग्रंथात सोने-चांदी शोधण्याच्या आणि कस पाहण्याच्या रीती आहेतच. शिवाय निरनिराळ्या राजवटींच्या दोनशेहून अधिक नाण्यांचे वजन, धातूंचे प्रमाण आणि विनिमयमूल्य दिलेले आहे. परराज्यातले नाणे हाती आले तर त्यात खरे द्रव्य किती, हे व्यापाऱ्याला कळावे, असा हा व्यवहारी ग्रंथ. तो दीर्घकाळ विस्मृतीत होता. विसाव्या शतकात नाहटा बंधूंना कोलकात्यात हस्तलिखित सापडले आणि मुनी जिनविजयजींच्या संपादनाखाली १९६१ साली ते प्रकाशित झाले.

श्रावकाच्या अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोटी मापे वापरणे आणि खऱ्या मालात हलका माल मिसळून विकणे हे दोन्ही दोष गणले आहेत. 'हीनाधिकमानोन्मान' आणि 'प्रतिरूपकव्यवहार' अशी त्यांची नावे. फेरूंचे काम पाहिले की या शब्दांमागचा बाजार डोळ्यांसमोर उभा राहतो. व्रत पाळायचे तर भेसळ मोजता आली पाहिजे, आणि मोजण्यासाठी धातूचे ज्ञान हवे.

वेगळे करण्याची विद्या

तांबे, जस्त, शिसे हे धातू भट्टीत भस्म होऊन सोन्यापासून सुटतात. खरी अडचण चांदीची. तीही सोन्यासारखीच भट्टीत टिकून राहते. प्राचीन कारागिरांनी यावर मिठाचा उपाय शोधला. सोन्याचे पातळ पत्रे मीठ व विटेची भुकटी यांच्या थरांत ठेवून ते वितळू न देता बराच काळ तापवायचे. मिठातील क्लोरीन चांदीला धरते, तिचे क्लोराइड विटेच्या भुकटीत मुरते आणि पत्र्यांत सोने उरते. आजच्या तुर्कस्तानातील सार्डिस येथे ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातील अशा भट्ट्यांचे अवशेष मिळाले आहेत, आणि अकबराच्या टांकसाळीतील याच जातीच्या रीतीचे वर्णन 'ऐन-ए-अकबरी'त आहे.

नायट्रिक आम्ल हाती आल्यावर काम सोपे झाले. पण त्यात एक गंमत आहे. चांदीमिश्रित सोने तसेच आम्लात टाकले तर आम्ल आत शिरतच नाही, कारण सोन्याचे कण चांदीला कवचासारखे झाकून ठेवतात. म्हणून शुद्ध करायच्या सोन्यात आधी आणखी चांदी मिसळतात, इतकी की एकूण वजनाच्या चौथ्या हिश्श्याएवढेच सोने राहावे. हा रस पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडतात आणि ते आम्लात उकळतात. आता चांदी सहज विरघळते आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते. ती सोने आहे यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. परंतु धुऊन, टाकणखारासह वितळवली की तिचा पिवळा रंग परत येतो. विरघळलेली चांदीही वाया जात नाही. त्या द्रावणात तांब्याची पट्टी सोडली की तांबे विरघळते आणि चांदी करड्या चुऱ्याच्या रूपाने बाहेर पडते.

सोन्याला विरघळवणारे आम्ल एकट्याने मिळत नाही. नायट्रिक आम्लाच्या एका भागात हायड्रोक्लोरिक आम्लाचे तीन भाग मिसळले की 'आम्लराज' तयार होते आणि त्यात सोने विरघळते. विरघळले म्हणजे नाहीसे झाले नव्हे, याचे हृद्य उदाहरण १९४० सालचे आहे. जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरले तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत माक्स फोन लाउए आणि जेम्स फ्रांक या दोन जर्मन शास्त्रज्ञांची नोबेल पदके ठेवलेली होती. जर्मनीबाहेर सोने पाठवणे हा तेथे गंभीर गुन्हा होता आणि पदकांवर नावे कोरलेली होती. रसायनशास्त्रज्ञ हेवेशी यांनी ती दोन्ही पदके आम्लराजात विरघळवली. नारिंगी द्रावणाची बाटली फळीवर तशीच राहिली, शोध घेणाऱ्यांना तिचा संशय आला नाही. युद्धानंतर त्यातून सोने परत मिळवले गेले आणि नोबेल प्रतिष्ठानने त्याचीच पदके पुन्हा पाडून दिली.

मोठ्या शुद्धीकरणशाळांत आणखी दोन रीती चालतात. १८६७ साली सिडनीच्या टांकसाळीतील मिलर यांनी वितळलेल्या सोन्यातून क्लोरीन वायू सोडून इतर धातू बाहेर काढण्याची पद्धत दाखवली. तिने सोने हजारात सुमारे ९९५ भागांपर्यंत शुद्ध होते. १८७४ साली वोलविल यांनी हॅम्बुर्ग येथे विजेच्या साहाय्याने त्याहून पुढचा टप्पा, दहा हजारांत ९९९९ भागांपर्यंतचा, गाठून दिला.

गलाईवाले आणि झारेकरी

गावोगावच्या पेठांत मात्र ही विद्या चालवली ती मराठी माणसाने. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि लगतच्या माण, खटाव या दुष्काळी टापूतील कुटुंबे पोटासाठी बाहेर पडली आणि सोने-चांदी गाळण्याचा गलाई व्यवसाय घेऊन केरळपासून आसामपर्यंत पोचली. ज्या जमिनीत पाण्याअभावी पीक येईना, तिथल्या मुलांनी परमुलखातल्या सराफ पेठांत एका खोलीचे दुकान थाटले. एक भट्टी, मुशी, सांडशी, आम्लाच्या बरण्या आणि काटा एवढेच भांडवल. परक्या भाषेच्या प्रदेशात सराफ आपले सोने त्यांच्या हाती सोपवतात ते शब्दाच्या भरवशावर. आणि तो भरवसा टिकला म्हणूनच हा व्यवसाय पिढ्यांनी टिकला.

गलाईवाल्याच्या आधीची पायरी झारेकऱ्याची. सोनाराच्या दुकानात कानस चालते, तार ओढली जाते, चकाकी दिली जाते. त्या प्रत्येक कामात सोन्याचा भुगा उडतो. तो चटईत, कपड्यांत, केरात, हात धुतलेल्या पाण्यात जातो. झारेकरी हा केर विकत घेतात, जाळतात, पाण्यात हलवून जड कण तळाशी बसवतात आणि त्यातून सोने काढतात. सोने सभोवतालच्या मातीपेक्षा कितीतरी पटींनी जड आहे, एवढ्या एका गुणावर ही उपजीविका उभी आहे.

यावरून एक व्यवहारी निष्कर्ष निघतो. ग्राहक ज्याला सरसकट 'घट' म्हणतो तिचे प्रकार दोन आहेत. आटणीतली घट म्हणजे सोने नसलेल्या पदार्थांची वजावट. घडणीतली घट म्हणजे उडालेला भुगा. पहिली कोणालाच मिळत नाही, कारण ती सोने नव्हतीच. दुसरी पुष्कळशी परत मिळते, आणि ती ग्राहकाकडून आकारलेली असते. म्हणून घडणीची घट किती टक्के धरली, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

या विद्येची किंमत कारागीर शरीराने मोजतो, हेही विसरता येणार नाही. नायट्रिक आम्लात चांदी विरघळताना तांबूस-तपकिरी धूर निघतो. तो श्वासात गेला तर त्रास लगेच जाणवेल असे नाही. काही तासांनी फुप्फुसांत पाणी साचून जीव धोक्यात येऊ शकतो. चांदीच्या द्रावणाने बोटे काळी पडतात. एकेकाळी 'केडीएम' म्हणून मिरवलेल्या दागिन्यांच्या डाखातील कॅडमियमची वाफ फुप्फुसे व मूत्रपिंडे यांना घातक ठरली, म्हणून तो डाख मागे पडला. धुराडे, पंखा आणि धूर धुऊन काढणारी यंत्रणा यांवरचा खर्च दुकानदाराला जड वाटतो. पण त्याच्या अभावी जे जळते ते सोने नसते. मोबाईलवरील चित्रफिती पाहून जुन्या यंत्रांच्या भागांतून घरी सोने काढण्याचा प्रयोग तर कोणीही करू नये.

चांदीची गोष्ट

चांदी स्वतंत्र खाणीतून क्वचितच मिळते. भारतातील बहुतेक चांदी राजस्थानातील शिसे-जस्ताच्या खनिजांसोबत येते. उदयपूरजवळील जावर हे त्यांतील प्राचीन ठिकाण; तेथे जुन्या जैन मंदिरांचे अवशेषही आहेत. वितळलेल्या शिशात चांदी असेल तर त्यात थोडे जस्त घालतात. जस्त आणि शिसे एकमेकांत मिसळत नाहीत, चांदी मात्र जस्ताकडे ओढली जाते. जस्ताचा थर वर तरंगतो, तो काढून तापवला की जस्ताची वाफ होते आणि चांदी उरते. १८५० साली पार्क्स यांनी ही रीत बसवली.

कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीच्या चांदीच्या पैंजणांनी देशभर नाव मिळवले आहे. चांदीच्या बाजारात शुद्धतेला 'टंच' म्हणतात. अनेक घुंगरू आणि कड्या असलेल्या पैंजणात डाखाचे सांधे पुष्कळ, म्हणून आटवल्यावर त्याचा टंच साध्या वळ्यापेक्षा कमी येतो. तेथेही घटीचे गणित वरच्यासारखेच.

लक्ष्मीपूजनाला मांडायचे राणीछाप व राजाछाप रुपये पुष्कळ घरांत आहेत. १९४० पूर्वीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा. म्हणजे त्यात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. युद्धकाळात, १९४० पासून, चांदी निम्म्यावर आणली गेली. वजन तेच, पण चांदी ५.८३ ग्रॅम. १९४७ चा रुपया निकेलचा. एकाच पिशवीतले तीन रुपये एकाच भावाने विकणारा म्हणूनच फसतो. असे रुपये शक्यतो आटवूही नयेत. काही नाण्यांचे संग्राहकांकडील मोल चांदीहून अधिक असते.

चांदीची भांडी काळी पडतात ती गंधकामुळे. रबरबँड, लोकर आणि कोकणची दमट हवा यांनी ते लवकर घडते. राखेने वा दंतमंजनाने घासले की काळ्या थराबरोबर चांदीही जाते. त्याऐवजी भांड्यात अॅल्युमिनियमचा पातळ कागद पसरून त्यावर चांदी ठेवावी, गरम पाणी ओतून खाण्याचा सोडा टाकावा. गंधक अॅल्युमिनियमकडे जातो आणि चांदी जागच्या जागी परत मिळते. खडे बसवलेल्या वा मुद्दाम काळसर केलेल्या दागिन्यांना हा उपाय करू नये.

खाण आणि कपाट

देवरूखच्या परिसरात वर जांभा आणि खाली काळा बसाल्ट. या ज्वालामुखी खडकांत सोन्याची खाण नाही. सोने कर्नाटकातल्या फार प्राचीन धारवाडी खडकांत आहे. कोलारच्या खाणी १८८० नंतर आधुनिक पद्धतीने चालल्या, तीन किलोमीटरहून खोल गेल्या आणि २००१ च्या फेब्रुवारीत बंद झाल्या. रायचूर जिल्ह्यातील हट्टीची खाण चालू आहे. अशा खाणींत एक टन खडक फोडून, दळून काही ग्रॅम सोने हाती लागते. ते वेगळे करायला १८८७ पासून प्रचलित झालेली सायनाइडची पद्धत वापरतात. दळलेल्या खडकाचे ढीग आणि विषारी पाण्याचे तलाव सांभाळण्याची जबाबदारी खाण बंद झाल्यावरही संपत नाही.

याउलट कपाटातल्या एक किलो जुन्या दागिन्यांत आठ-नऊशे ग्रॅम सोने तयार असते. जगात दरवर्षी बाजारात येणाऱ्या सोन्यापैकी सुमारे एक चतुर्थांश असे पुन्हा आटवलेले असते. लेकीच्या लग्नाला नवे सोने घेण्याऐवजी सासूबाईंच्या पाटल्या मोडणारी आई नकळत एक टेकडी फोडण्यापासून वाचवते. अपरिग्रह आणि अहिंसा मानणाऱ्या समाजाने या मोडीकडे अधिक आदराने पाहायला हवे.

पेढीवर विचारावे असे काही

मोड देताना आटणीपूर्वीचे वजन, आटणीनंतरचे वजन आणि कस हे तीन आकडे पावतीवर लिहून घ्यावेत. आटणी समोर करवावी. मुशीला किंवा मळीत अडकलेला मणी राहिला नाही ना, ते नम्रपणे पाहावे. खडे व लाख आधी काढून वेगळी तोलावीत. शंका असल्यास भारतीय मानक ब्युरोची मान्यता असलेल्या केंद्रात शुल्क भरून कस तपासून घेता येतो. नवा दागिना घेताना त्यावरील सहा अंकाक्षरांचा ओळख क्रमांक पाहावा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना त्याशिवाय विकता येत नाही. हॉलमार्कपेक्षा कस कमी निघाला तर कमी पडलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागण्याची तरतूद नियमांत आहे.

जैन तत्त्वज्ञानात जीव आणि कर्म यांच्या संबंधाला खाणीतील सोने व पाषाण यांचा दृष्टान्त देतात. दोन्ही अनादी काळापासून एकत्र असले तरी सोने पाषाण होत नाही आणि योग्य उपायाने वेगळे होते. भट्टीवर काम करणाऱ्या गलाईवाल्याला हे रोज दिसते. काकींनी मात्र त्या दिवशी एवढेच करावे. सराफांसमोर बसून तीन आकडे लिहून घ्यावेत, चाळीस वजा दोन का झाले ते समजून घ्यावे आणि ती चिठ्ठी नव्या बांगड्यांबरोबर लेकीला द्यावी. पुढे केव्हातरी त्या बांगड्या मोडायला निघतील, तेव्हा घरात प्रश्न पडणार नाही.